कुणाच्याच हाताचं नसलेलं माप

ताई,

तुझ्या शोकसभेत अध्यक्ष म्हणाले की तुझं कार्य मोजता येणार नाही. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि मला तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मोजून पाह्यलं का?" मी हसलो. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा खरंच आला.

वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून मी हयात घालवली. शेकडो शोकसभांच्या बातम्या माझ्या हाताखालून गेल्या. कुणाच्या जाण्याने किती मोठी पोकळी निर्माण झाली ते मी रोज छापत असे, आणि तू रोज सकाळी चहा पिताना विचारायचीस, "किती घनमीटर?" तुझी सभा मात्र बरी झाली. माईक दोनदा बंद पडला, त्यामुळे भाषणं आटोपशीर झाली. तुझ्या विद्यार्थिनी आल्या होत्या, त्यांतल्या कित्येक आता आजी झाल्यात. त्यांच्यातली एक उठून एवढंच म्हणाली, "बाईंनी पहिल्या तासाला फळ्यावर एक रेघ काढली होती." आणि खाली बसली. बाकीच्या बायका डोळे पुसायला लागल्या. अध्यक्षांना काही कळलं नाही. मला कळलं, कारण ती रेघ आपल्या घरची आहे.

उमरेडच्या घरात माग होता तेव्हा मी लहान होतो. मला जे आठवतं त्यातलं निम्मं तू सांगितलेलं आहे आणि आता कोणतं निम्मं हे विचारायला कुणी नाही. बाबा लुगडी विणायचे. माप त्यांच्या हाताचं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. अठरा हात भरले की लुगडं मागावरून उतरायचं. पुढे बाबा पडले, कंबर धरली, आणि मागावर काका बसले. काकांनीही अठरा हातच मोजले, चोख. पण दोन-तीन महिन्यांत गावातल्या बायका कुरकुरायला लागल्या. एक तर दारात उभी राहून आईला म्हणाली, "बापा, तुमच्या घरचं लुगडं यंदा काष्ट्याले पुरत नाही वं!"

काका उखडले. "माहा हात खोटा आहे का? मी का कापड खाऊन राहिलो?"

आणि काका खरंच खोटं बोलत नव्हते. अठरा म्हणजे अठराच होते. फक्त ते काकांचे होते, आणि काका बाबांपेक्षा टीचभर बुटके. घरात कुणी चोरी केली नाही, कुणी चूक केली नाही, तरी कापड कमी पडलं. तू तेव्हा अकरा-बारा वर्षांची असशील. नंतर तू म्हणायचीस की जगातला पहिला धक्का तुला तिथे बसला. सगळी माणसं प्रामाणिक असूनही माप चुकू शकतं.

उपाय आईने काढला. तिने बांबूची एक कांब घेतली, खाटेवर झोपलेल्या बाबांच्या हाताला लावली आणि कोयत्याने बरोबर तेवढी तोडली. बाबा म्हणाले, "आता मले उठाची गरजच नाही तर!" आणि पुढे ते खरंच उठले नाहीत. ते गेल्यावरही काका त्या कांबेने मोजत राहिले. मेलेल्या माणसाच्या हाताने लुगडी पुन्हा पुरायला लागली.

मग तुझ्या शाळेत मीटरची पट्टी आली. पिवळी, लाकडी, दोन्ही टोकांना पितळ. आजवर नुसत्याच नावाने ऐकलेली गोष्ट. तू काय केलंस, तर कांब दप्तरात घालून शाळेत नेलीस आणि त्या पट्टीला लावलीस. सत्तेचाळीस सेंटीमीटर, पाच मिलिमीटर. तू मला हे इतक्यांदा सांगितलंस की तो आकडा मला आपल्या घराच्या पत्त्यासारखा पाठ आहे. सांगताना प्रत्येक वेळी तुझा आवाज शेवटी थोडा खाली यायचा. कांबेला पुढे वाळवी लागली. भुगा झाला. पण तोवर बाबांचा हात आकड्यात जाऊन बसला होता, आणि आकड्याला वाळवी लागत नाही. कुठल्याही गावातली कुठलीही मीटरची पट्टी घ्यायची, सत्तेचाळीसच्या पुढच्या पाचव्या रेघेवर बोट ठेवायचं, आणि बाबांचा हात तिथे हजर.

तीच ती रेघ. धरमपेठेतल्या शाळेत दर जूनमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला तू फळ्यावर ती काढायचीस आणि पोरींना विचारायचीस, हे काय आहे? पोरी म्हणायच्या रेषा, रेषाखंड, एखादी आगाऊ म्हणायची खडू. तू म्हणायचीस, "हे माझे बाबा." मग तू मीटर शिकवायला सुरुवात करायचीस.

तुझ्यासारखं भारावून जाणं मला कधी जमलं नाही. माणसं फार उंच बोलायला लागली की मी त्यांचे बूट बघतो. तू मला सांगायचीस की मीटर ठरवायला फ्रान्समध्ये दोन माणसं वर्षानुवर्षं मनोरे आणि डोंगर चढत, कोन मोजत हिंडली. देशात क्रांती पेटलेली, गावोगाव त्यांना हेर समजून अडवलेलं, आणि ती मोजत होती काय, तर पृथ्वी. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर, आणि त्याचा एक कोट्यांश म्हणजे मीटर. राजाचा हात नको, काकांचा नको, सगळ्यांच्या पायाखाली आहे ती पृथ्वीच घ्या. मी म्हणायचो, त्याच क्रांतिकारकांनी दहा तासांचा दिवसही काढला होता, तो का नाही चालला? तू म्हणायचीस, "तुले एक गोष्ट धड ऐकवत नाही." आणि मग स्वतःच सांगायचीस की पृथ्वी मोजण्यातही त्यांची चूक झाली. मीटर दोन-तीन केसांच्या जाडीइतका आखूड निघाला.

"पाह्य!" मी म्हणालो. "एवढा तमाशा अन् चूक!"

"चूक नं. पण सगळ्यांनी एकच चूक मान्य केली. ती कोणाच्या बाजूची नव्हती."

या वाक्यावर मी तेव्हा काहीतरी टवाळी केली होती. आता ते वाक्य मला रात्रंदिवस सोडत नाही.

आपल्या नागपूरकरांच्या बाबतीत मात्र तू हात टेकले होतेस. याच घरात मे महिन्यात आपण "सेहेचाळीस झालं आज" म्हणत पंख्याखाली पडायचो, आणि कुणाला ताप आला की तो एकशे एकच असायला हवा. उन्हाला सेल्सियस, तापाला फॅरनहाइट. भाजी किलोने, सोनं तोळ्याने, प्लॉट फुटाने आणि मुलीची उंची पाच-चार. देशभरचे मैल जिथून मोजले म्हणतात त्या झीरो माइलच्या दगडाजवळून रिक्षा गेली की तू म्हणायचीस, "मैल गेले, शून्य राह्यलं." आणि ती संत्रातुला आठवते? संस्थेच्या साहेबांची एकसष्टी. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात संत्री, सनई, फुलं, छायाचित्रकार. पारडी समान झाली, टाळ्या पडल्या. तू शेजारच्या बाईंना मोठ्याने विचारलंस, "पण साहेब किती भरले?" सगळा मांडव वजन करायला जमलेला आणि वजन तेवढं कुणी जाहीर केलं नाही! बाई म्हणाल्या, "अहो, असं विचारत नाहीत." तू पुढची दोन वर्षं हसत होतीस.

आपलं खरं भांडण किलोग्रॅमवरून. काही वर्षांपूर्वी किलोग्रॅमची व्याख्या बदलली तेव्हा तू घरी पेढे आणलेस. मी म्हणालो, किलो तोच, भाजीवाला तोच, पेढे कशाचे? तू मला बसवून सांगितलंस. पॅरिसजवळ एका तळघरात, तिजोरीत, एकावर एक अशा तीन काचेच्या झाकणांखाली धातूचा एक ठोकळा ठेवलेला होता. लिंबाएवढा. तो म्हणजे किलोग्रॅम. किलोग्रॅमइतका नव्हे, तोच किलोग्रॅम. तिजोरी उघडायला तीन किल्ल्या लागत आणि त्या तीन वेगळ्या माणसांकडे असत. त्याच्या जुळ्या भावंडांशी क्वचित कधी त्याची गाठ घालून दिली जाई. तर शंभरेक वर्षांत त्यांच्यात फरक पडलेला. बोटाच्या ठशाएवढा, पण फरक.

"मग ठोकळा हलका झाला," मी म्हणालो.

"तो कसा होईन? तोच किलो आहे नं! त्याचं वजन एक किलोच. तो हलका झाला म्हणजे बाकी सगळं जड झालं. तू, मी, फुटाळा तलाव, सूर्य. कोणी काही खाल्लं नाही तरी."

मला ते अतिशय आवडलं. मला तो ठोकळाच आवडला. विश्वाला एकट्याने जड करणारा, तळघरात बसलेला म्हातारा. आणि तुम्ही शास्त्रज्ञांनी त्याला निवृत्त करून त्याच्या जागी आणलं काय, तर निसर्गातला एक स्थिरांक, दशांश चिन्हापुढच्या तेहतीस शून्यांपलीकडची कसलीशी राशी. दिसत नाही, धरता येत नाही. मी म्हणालो, "ताई, जे हाताले लागत नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवाचा?"

तू पेढा खाता खाता थांबलीस. "तू जन्मभर पुजाऱ्यांच्या विरोधात लेख लिहिले. आता तिजोरी नाही, किल्ली नाही, पुजारी नाही. चंद्रावर बसून कोणी किलो बनवला तरी हाच बनन. अन् तुले काय पायजे, तर तळघरातला देव!"

मी पेढा घेतला. नंतर कित्येक महिने सुचेल तसं उत्तर मी तुला सांगत राहिलो आणि तू ते खोडत राहिलीस. भांडण तसंच पडलं आहे.

मग तुझं आजारपण आलं आणि किलोग्रॅम आपल्या घरात राहायलाच आला. दर वेळी औषध देण्याआधी तुझं वजन व्हायचं, कारण मात्रा वजनावर ठरायची. मी बाजूच्या खुर्चीवर बसून तुझ्या हाताला लावलेली नळी बघायचो. कुपीवरचं नाव एका देशाचं, सुईवरचं दुसऱ्या, पंपावरचं तिसऱ्या. मात्रा काढणारी डॉक्टर आपली वर्ध्याची. यातल्या कुणी कुणाला कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं की तुमचा मिलिग्रॅम कुणाच्या हाताचा? जिथे थेंब चुकला तर माणूस जातो, तिथे सगळे गप्प राहून एकमेकांवर विसंबले होते. देवळात मला कधी हात जोडावेसे वाटले नाहीत. त्या खुर्चीत वाटले. तुला सांगितलं नाही, तू वर्षभर चिडवलं असतंस.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वजन चाळीसच्या खाली गेलं तर हे औषध तुझ्या शरीराला झेपणार नाही, ते थांबवावं लागेल. त्या हिवाळ्यात तू चाळीसच्या काठावर होतीस. त्या सकाळी तू स्वेटर घातलेला, वर ती जाड शाल. वजनकाट्यापाशी आलो आणि तू शाल काढायला लागलीस.

"राहू दे नं ताई. थंडी आहे."

"शाल औषध घेणार आहे का गा?"

शाल माझ्या हातात दिलीस. मग स्वेटर. मग चष्मा, आणि बांगड्या. मी एखाद्या खुंटीसारखा उभा. काट्यावर आकडा आला, एकोणचाळीस पूर्णांक सहा दशांश. नर्स चांगली मुलगी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आजी, चाळीस लिहू का? चारशे ग्रॅमचं काय एवढं?"

"जे दिसते ते लिही बेटा." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "मी नाही बारीक झाली. किलोच जड झाला असन."

मी हसलो नाही. माझ्या आयुष्यात तुझ्या विनोदाला न हसलेला तो एकच प्रसंग असावा.

औषध थांबलं. धरमपेठ आली आणि ऑटोत मी ओरडलो तो ऑटोवाल्याने मागे वळून बघावं असाच. "चारशे ग्रॅमसाठी! एका शालीसाठी! तुले जगाचंच नाही का?"

तू बाहेर बघत म्हणालीस, "जगाचं आहे गा. कोणाले नसते? पण मी जन्मभर पोरींचे मार्क कापले, रीडिंग ढकललं म्हणून. उत्तर बरोबर यावं म्हणून ढकलत होत्या बिचाऱ्या, दुसरं काय? आता माहं उत्तर बरोबर यावं म्हणून मी ढकलू?"

मी म्हणालो, ते प्रॅक्टिकल होतं, हा तुझा जीव आहे. तू म्हणालीस, "म्हणूनच." यापुढे आपण त्यावर बोललो नाही. बोललो नाही म्हणजे मी मनात रोज बोलत होतो. तू गेल्यावरही. तेराव्याच्या पंगतीत पाहुण्यांना वाढतानाही मी तुझ्याशी भांडत होतो, की ती शाल अंगावर असती तर आज तू असतीस.

शेवटी परवा डॉक्टरांकडे गेलो. उरलेली औषधं परत द्यायची हे निमित्त. खरं तर मला निकाल हवा होता. मी सरळ विचारलं, त्या दिवशी ताईने शाल काढली नसती तर?

डॉक्टर मोठी दमलेली दिसत होती. म्हणाली, "काका, इथं रोज कोणी ना कोणी खिशात किल्ल्या घेऊन काट्यावर उभं राहते. एका आजोबांनी तर पाटा-वरवंट्यातला वरवंटा कमरेला बांधला होता. आम्हाले कळते. मग आम्ही मनातल्या मनात थोडं कमी धरतो. कधी ज्यानं काहीच बांधलं नसते, त्याचंही कमी होऊन जाते. तुमच्या ताईंच्या आकड्यातून मी कधी काही कमी केलं नाही. त्यांना दर वेळी त्यांचीच मात्रा भेटली, पूर्ण."

"अन् त्या दिवशी?"

"शाल असती तर मी औषध दिलं असतं. त्यांचा आकडा म्हणून विश्वासानं दिलं असतं. त्या रात्री त्या घरी झोपल्या असत्या की इथं, ते मी सांगू शकत नाही. औषधानं पुढचे महिने वाढले असते का, तेही सांगू शकत नाही. वाढले असते असं म्हटलं तर तुम्हाले त्रास होईन, नसते म्हटलं तर बरं वाटन. पण मले माहीत नाही."

निकाल न मिळता मी उठलो. ही मुलगी तुझ्या शाळेत शिकलेली नाही, मी विचारलं.

औषध थांबल्यावरचे ते दिवस मी आजवर वजाबाकीत धरत होतो, ताई. उपचार नसलेले, नुसते वाया चाललेले. घरी येताना पहिल्यांदा ते दिवस म्हणून आठवले. मळमळ थांबली होती. तोंडाला चव आली होती, आणि तू कोथिंबिरीची सांबारवडी मागून खाल्लीस, अर्धीच, पण तिखट कमी आहे म्हणून भांडलीस. गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसायचीस आणि शेजारच्या वहिनींना वेलदोड्याचे दाणे तोळ्यावर मोजू नका म्हणून सांगायचीस. किलोग्रॅमवरून माझ्याशी दोनदा भांडलीस आणि दोन्हीदा जिंकलीस. सकाळी उठल्यावर तुझा चेहरा तुझा असायचा. औषधाच्या दिवसांत तो तुझा नसे, हे मी तुला कधी म्हणालो नाही.

अशाच एका दुपारी, ऊन पायावर घेऊन, डोळे मिटलेले असताना तू म्हणालीस, "बरं झालं नं गा, त्या दिवशी?"

मला कळलं होतं तू कशाबद्दल विचारतेस. मी चहा आणतो म्हणून आत गेलो. चहा घेऊन आलो तोवर तुला डुलकी लागली होती, आणि तू पुन्हा विचारलं नाहीस.

हो वं ताई. बरं झालं.